एक घास मोठ्या आतड्यासाठी

पोरी, नोकरीच्या गावी तू स्वतःची चूल मांडलीस. ताटात काय पडायचं, हे आता तूच ठरवणार. म्हणून माझ्या सासूबाईंकडून जे हाती आलं, आणि पुढं शाळेत गृहविज्ञान शिकवताना ज्याची कारणं मला उमगली, ते सगळं एका जागी लिहून तुला देते आहे.

मंत्र एकच आहे: रोजच्या जेवणात एक घास मोठ्या आतड्यासाठी काढायचा. पानावर बसण्याआधी गोग्रास काढायची आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. हाही तसाच दुसऱ्यासाठीचा घास. फक्त तो बाजूला ठेवायचा नाही, आपणच चावून खायचा. आपल्याला तो पचत नाही, आणि त्याचं मोल त्यातच आहे.

घास कुणाच्या मुखी जातो

आपण खाल्लेली साखर, भाताचं बरंचसं पिष्ट, डाळीतलं प्रथिन, तेल-तूप हे सारं लहान आतड्यातच पचून रक्तात जातं. तिथं जे पचत नाही ते मोठ्या आतड्यात उतरतं. हे आतडं साधारण दीड मीटर लांब, आणि शरीरातले बहुतेक जिवाणू इथंच राहतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार एका माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीनं. त्यांच्यातल्या उपकारक जिवाणूंना पोसणारं आणि त्यातून आपलं भलं करणारं जे अन्न, त्याला ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड या संशोधकांनी १९९५ साली ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिलं. दही-ताकातून जिवंत जिवाणू पोटात जातात. प्रीबायोटिक हा जिवाणूंचा शिधा. दोन्हींत गल्लत करू नको, आणि एक आहे म्हणून दुसरं सोडू नको.

हा शिधा आंबवून जिवाणू ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट अशी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवरच जगतात. या आम्लांमुळे आतलं वातावरण आंबट राहतं, तिथं रोगजंतूंना बस्तान बसवणं अवघड जातं. शौच मऊ होतं, वेळेवर होतं. जेवणातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अधिक शोषलं जातं. वयात येणाऱ्या मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलिनच्या जातीचे तंतू देऊन अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्या मुलांत कॅल्शियमचं शोषण वाढलं आणि हाडांत खनिजही जास्त साठलं. तुझं हाड अजून घट्ट होण्याच्या वयात आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि घास दिलाच नाही तर? २०१६ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात, तंतू नसलेलं अन्न दिल्यावर आतड्यातल्या जिवाणूंनी आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थरच खायला सुरुवात केली. तो थर पातळ झाला आणि रोगजंतूंना आत शिरायला वाट मिळाली. उंदराचं सगळंच माणसाला लागू होतं असं नाही, पण उपाशी जिवाणू गप्प बसून राहत नाहीत एवढं त्यातून कळतं.

डबा आणण्याआधी कांद्याची टोपली बघ

दुकानात इन्युलिन किंवा त्याच जातीचं एफओएस लिहिलेल्या पावडरी मिळतात. हे इन्युलिन बहुतेक चिकोरीच्या मुळातून काढतात. फिल्टर कॉफीत मिसळतात तीच ही चिकोरी. पावडर खोटी नाही. रोज १२ ग्रॅम चिकोरीचं इन्युलिन घेतलं की पोट नियमित साफ व्हायला मदत होते, हा दावा युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये तपासून मान्य केला. पण ज्या घरात कांदा-लसूण रोज चिरला जातो त्या घराची सुरुवात डब्यापासून होऊ नये.

कच्च्या कांद्यात १०० ग्रॅममागे साधारण १ ते ७ ग्रॅम इन्युलिन असतं, लसणीत ९ ते १६ ग्रॅम. लसूण आपण पाकळी-दोन पाकळ्याच खातो, कांदा मात्र भरपूर खातो. म्हणून भाकरीसोबत बुक्कीनं फोडलेला कांदा, झुणक्यात सढळ हातानं घातलेला कांदा, पातीच्या कांद्याची पीठ पेरून भाजी, लसणीची चटणी, हे पदार्थ गरिबाघरचे म्हणून मागं सारू नको. लासलगावचा लाल कांदा असो की अलिबागचा पांढरा, दोन्हींत हा शिधा आहेच.

एक गोष्ट ध्यानात ठेव. हे तंतू पाण्यात विरघळतात. कांदा शिजला की ते रश्श्यात उतरतात, म्हणून रस्सा ताटात उरू देऊ नको. आणि कांदा करपेपर्यंत तळलास तर त्यातले बरेच तुटून जातात. रोजच्या फोडणीत कांदा गुलाबी झाला की थांब.

गव्हात हेच तंतू १०० ग्रॅममागे १ ते ४ ग्रॅमच असतात. तरी अमेरिकेतल्या आहार-पाहणीत लोकांना मिळणाऱ्या इन्युलिनपैकी सुमारे ७० टक्के गव्हातून आणि २५ टक्के कांद्यातून येतं असं दिसलं, कारण गहू रोज पोटात जातो. यातून शिकायचं ते असं, की क्वचित खाल्लेल्या भारी जिन्नसापेक्षा रोज खाल्लेला साधा जिन्नस जास्त देतो. परदेशी लेखांत आर्टिचोक, लीक, ॲस्परॅगस यांची यादी असते. त्यांच्यामागं धावून खिसा रिकामा करू नको.

कडधान्य अख्खं आणि सालासकट

आपल्या जेवणातला सगळ्यात मोठा ठेवा कडधान्यांत आहे. मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाल, हुलगे, मसूर या सगळ्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बास्कोज नावाच्या छोट्या शर्करासाखळ्या असतात. त्या तोडणारा पाचकरस माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या जशाच्या तशा खाली जातात आणि जिवाणू त्यांवर तुटून पडतात. पोटात वायू धरतो तो यामुळेच, आणि प्रीबायोटिकचा लाभ मिळतो तोही यामुळेच. शिवाय कडधान्यातलं थोडं पिष्टही सालाच्या आणि पेशींच्या आवरणात अडकून न पचता पुढं जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात अख्ख्या हरभऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम तंतू आहेत, हरभऱ्याच्या डाळीत १५. अख्ख्या मुगात १७, तर मुगाच्या डाळीत ९. साल गेलं की शिधा किती घटतो ते यावरून बघ. डाळ टाकून दे असं म्हणत नाही. वरणाशिवाय आपलं पान पुरं होत नाही. पण आठवड्यातून चार दिवस तरी अख्ख्या कडधान्याची उसळ असावी.

कुठल्याही भागातली रीत उचल, चालेल. कोकणातली कुळथाची पिठी पाच मिनिटांत होते, कामावरून दमून आल्यावर तिच्यासारखा आधार नाही. देशावर त्याच कुळथाला हुलगे म्हणतात आणि त्याचं माडगं करतात. गोव्यात अळसांद्यांचं तोंडाक करतात. खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी थापतात, म्हणजे धान्य आणि कडधान्य एका घासात. वालाचं बिरडं वेळखाऊ आहे, ते सुट्टीच्या दिवशी कर.

कट मोरीत ओतू नको

पुरणासाठी डाळ शिजवून वरचं पाणी निथळतो, त्या कटाची आमटी करतो. या कटात डाळीतल्या विरघळणाऱ्या शर्करासाखळ्या उतरलेल्या असतात, म्हणजे जिवाणूंचा वाटा तिथं आहे. पुरणपोळीवर तूप घेताना आमटीची वाटी मागं ठेवू नको. गोडा मसाला, खोबरं, चिंच, कढीपत्ता घालून ती चांगली उकळ. नुसतं पुरण खाणाऱ्यापेक्षा आमटी भुरकणाऱ्याच्या पोटाला सण जास्त लाभतो.

हाच नियम रोजच्या उसळीला. भिजवलेलं पाणी टाकलंस तर चालेल, त्यानं वायू थोडा कमी होतो. पण शिजवलेलं पाणी ओतून देऊ नको. ते रश्श्यात घे, कणीक मळायला घे, नाही तर त्याचं सार कर. भाजी आधी उकडून पाणी फेकायची सवय तर अजिबात लावून घेऊ नको.

पीठ चाळू नको, भाकरी सोडू नको

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चक्कीची कणीक यांत १०० ग्रॅममागे साधारण १० ते ११ ग्रॅम तंतू आहेत. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात मात्र ३ ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. चाळणीवर राहिलेला कोंडा फेकतो तेव्हा हेच तंतू फेकतो. कणीक चाळायचीच असेल तर काडी-कचरा पाहण्यापुरती चाळ आणि कोंडा परत पिठात मिसळ.

भाकरी येत नाही म्हणून अडून बसू नको. उकड काढून मळलेल्या पिठाची भाकरी लाटताही येते. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर तिला चिकटपणा चांगला असतो, तिच्यावर हात बसव. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी, आणि सकाळी घाईच्या वेळी नाचणीची आंबील. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ती ताकात कालवून, वर लसणीची फोडणी देऊन घेतलीस तर कॅल्शियमही आलं आणि ते शोषून घ्यायला मदत करणारा शिधाही आला.

सातूचं पीठ आणि ओट्स यांत बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो. तो पोटात गेल्यावर दाट होतो, जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरवतो आणि रोज ३ ग्रॅमपर्यंत गेला तर वाईट कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. तुझ्या बाबांना हा निरोप दे. सातूचं पीठ मात्र घरी भाजून दळून घेतलेलं असावं, त्यात गूळ बेतानं.

भात निवू दे, पण बाहेर ठेवू नको

शिजलेला भात थंड झाला की त्यातलं थोडं पिष्ट पुन्हा घट्ट बांधलं जातं, आणि ते लहान आतड्यात पचत नाही. २०१५ च्या एका अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात असं पिष्ट १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम होतं. तोच भात २४ तास फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा गरम केला तेव्हा ते १.६५ ग्रॅम भरलं. म्हणजे गरम केल्यावरही सगळं हरवत नाही. वाढ लहान आहे, तिच्या नावानं भात दुप्पट खाऊ नको. पण दहीभात, फोडणीचा भात, ताकात कुस्करलेली शिळी भाकरी, उकडून गार केलेल्या बटाट्याची कोशिंबीर यांना कमी लेखू नको, एवढं मात्र नक्की.

इथं एक सक्त ताकीद. भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. त्यात एका जातीच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, उबेत वाढतात आणि विष सोडतात. ते विष नंतर भात कितीही गरम केला तरी जात नाही. उरलेला भात परातीत पसरून लवकर निवव, तासाभरात झाकून फ्रीजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी संपव. वास आला किंवा बुळबुळीत झाला तर टाकून दे. अन्न टाकताना जीव तुटतो हे मला कळतं, पण इथं तो तुटू द्यावा.

केळं, पेरू आणि चहासोबतचे दाणे

हिरव्या केळ्यात न पचणारं पिष्ट भरपूर असतं. केळं पिकत जाईल तशी त्या पिष्टाची साखर होते. शिजवल्यावर त्यातलंही बरंच पचण्याजोगं होतं, निवल्यावर थोडं परत येतं. म्हणून कच्च्या केळ्याची भाजी किंवा काप करावेत, आणि खायची केळी सालीवर काळे ठिपके भरण्याआधीच खावीत. पेरू, संत्रं, मोसंबी, सफरचंद, आवळा यांत पेक्टिन असतं. तोही जिवाणूंच्या आवडीचा तंतू. फळाचा रस काढू नको, फळ चावून खा. पेरू तर सालीसकटच.

मेथीदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तंतूच असतो. चमचाभर मेथ्या रात्री भिजवून सकाळी चावून खाव्यात. जवसाची चटणी विदर्भात जशी रोज पानात असते तशी तूही ठेव. गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा, सुरण, रताळं फिरवत राहा. चहासोबत बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे घ्यावेत. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘फायबर’ लिहिलेलं बिस्किटही मैदा, साखर आणि तेलाचंच असू शकतं, मागचा मजकूर वाचून घे.

इसबगोलाबद्दल तू विचारलं होतंस. इसबगोल पाणी धरून ठेवतं, शौच मऊ करतं, अडल्या वेळी उपयोगी आहे. पण जिवाणू ते फारसं आंबवू शकत नाहीत. म्हणून इसबगोल घेतलं की मोठ्या आतड्याचा घास दिला असं समजू नको.

एकाच भाजीवर आठवडा काढू नको

जिवाणूंच्या जाती शेकड्यांनी, आणि प्रत्येकीची आवड वेगळी. कुणाला इन्युलिन, कुणाला पेक्टिन, कुणाला निवलेलं पिष्ट. अमेरिकेत हजारो लोकांच्या नमुन्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आठवड्याला ३० हून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता जास्त आढळली. दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांत ती कमी होती. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला.

तीस हा आकडा ऐकून घाबरू नको. भोगीची भाजी आठव. वांगं, गाजर, घेवडा, पावट्याचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, शेंगदाणे, तीळ, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एका जेवणात नऊ प्रकार झाले. ऋषिपंचमीची भाजीही अशीच. वर्षातून एकदा करायचे हे पदार्थ तू आठवड्यातून एकदा कर. बाजारात जाशील तेव्हा जे मागच्या आठवड्यात आणलं नव्हतं ते एक तरी पिशवीत पडू दे. शेपू, चाकवत, अंबाडी, राजगिरा, माठ यांतलं जे हंगामात असेल ते. फडताळात पाच डबे ओळीनं ठेव: मटकी, मूग, चवळी, हरभरा, कुळीथ. डाव्या बाजूनं एकेक घेत जा, म्हणजे तोच तो पदार्थ होत नाही.

उपवासाच्या दिवशीही हे पाळ. साबुदाण्यात नुसतं पिष्ट असतं, तंतू जवळजवळ नाहीतच. आषाढीला खिचडी हवीच असेल तर दाण्याचं कूट भरपूर घाल, सोबत उकडलेलं रताळं घे. राजगिऱ्याची भाकरी, वरीचे तांदूळ, शिंगाडा यांवरही उपवास चांगला होतो.

हळू वाढव

हे वाचून उद्याच दोन वाट्या हरभरे खाशील आणि पोट फुगलं की सगळं सोडून देशील, असं करू नको. जिवाणूंची वस्ती हळूहळू बदलते. मैदा आणि पॉलिशच्या भातावर राहिलेल्या पोटाला एकदम शिधा दिला तर वायू धरतोच. पहिल्या आठवड्यात मोड आलेल्या मुगाची अर्धी वाटी पुरे. मोड आले की त्या शर्करासाखळ्या काही प्रमाणात कमी होतात, म्हणून सुरुवात मोडांपासून. दुसऱ्या आठवड्यात मटकी, तिसऱ्यात चवळी, मग नुसते भिजवलेले हरभरे. फोडणीत हिंग, ओवा, आलं असू दे. कडधान्य बोटानं चेपलं जाईल इतकं मऊ शिजव.

पाणी वाढव. तंतू वाढवले आणि पाणी तेवढंच राहिलं तर पोट साफ होण्याऐवजी अडतं. जेवणानंतर शतपावली घाल, आतड्यालाही चालना लागते.

मोजमाप हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, दोन भाज्या, कांदा-गाजराची कोशिंबीर आणि एक पेरू, एवढ्यात ते सहज भरतं. आपलं साधं जेवण पुरं खाल्लं तर वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही.

कुणी जपून खावं

काहींच्या आतड्याला हाच शिधा सोसत नाही. आयबीएस, म्हणजे चटकन दुखावणाऱ्या आतड्याचा विकार असलेल्या माणसाला कांदा-लसूण, गहू, हरभरे यांनी कळा येतात, पोट टरटरून फुगतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठानं अशा रुग्णांसाठी हे पदार्थ काही आठवडे कमी करून मग एकेक परत आणण्याची पद्धत तयार केली. ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करायची असते, आपल्या मनानं वर्षानुवर्षं सगळं बंद ठेवायचं नसतं. तुझ्या मैत्रिणीला हा त्रास आहे म्हणालीस, तिला दोन युक्त्या सांग. लसणीतले हे तंतू तेलात उतरत नाहीत, म्हणून पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात आणि त्या तेलात फोडणी करावी. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग वापरावा.

मूत्रपिंडाचा आजार असेल, आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर कडधान्य आणि फळं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहात रताळं, केळं, भात यांचं माप सांभाळावंच लागतं. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, शौचाची सवय आठवडे-आठवडे बदललेली राहणं, यांवर घरचा इलाज करत बसायचं नाही. थेट दवाखान्यात जायचं.

आणि प्रतिजैविकं लिहून दिली असतील तर ती पूर्ण घ्यायची. त्यांनी चांगले जिवाणूही मरतात, म्हणून नंतरचे काही आठवडे ताक, आंबील आणि मऊ उसळी यांकडे जास्त लक्ष द्यायचं.

पुढं कधी घरात पाळणा हलला तर

हे आत्ता तुला लागायचं नाही, पण सांगून ठेवते. आईच्या दुधात काही खास शर्करासाखळ्या असतात. दुधातल्या घन पदार्थांत लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल त्यांचाच क्रमांक लागतो. बाळाला त्या पचत नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जिवाणूंसाठी असतात. हे जिवाणू हेन्री टिसिए यांनी १८९९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात पहिल्यांदा ओळखले. पहिल्या दिवसांतल्या पिवळसर चिकदुधात या साखळ्या सगळ्यात जास्त असतात. ते पिळून टाकायला कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही, मग सांगणारं माणूस कितीही वडीलधारं असो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि वर्षाच्या आत मधाचं बोट नाही. मधातून तान्ह्या बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं.

बाळंतिणीला डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू देतात. डिंक, मेथी आणि अळीव या तिन्हींत जिवाणूंना आंबवता येणारे तंतू आहेत. मात्र लाडवात साजूक तूप आणि गूळ असतो, तेव्हा दिवसाला एक पुरे. उसळ-भाजीची जागा लाडू घेऊ शकत नाही.

आता सुरुवात कशी करशील

आज रात्री मूठभर मूग भिजत घाल. उद्या रात्री ते फडक्यात बांध, परवा त्यांची उसळ कर. या आठवड्यात एवढंच. पुढच्या आठवड्यात एका वेळची पोळी काढून भाकरी आण. त्याच्या पुढच्या आठवड्यात रोज एक फळ आणि एक नवी भाजी. चौथ्या आठवड्यात कुळीथ आणि अख्खे हरभरे. महिनाभरानं स्वतःला विचार: सकाळी जोर न करता पोट साफ होतंय का, जेवणानंतर लगेच काही तरी खावंसं वाटणं कमी झालंय का, फुगणं आटोक्यात आहे का. उत्तर हो आलं तर माप तुला सापडलं, तेच चालू ठेव. नाही आलं तर एक पायरी मागं ये, माप निम्मं कर, आणखी दोन आठवडे तिथंच थांब. त्रास तरीही राहिला तर अंगावर काढू नको, डॉक्टरांना दाखव आणि मलाही कळव.